पोंखण्यातलं जू

माझी सासू चिमणाबाई आणि माझी आई, या दोघी विहिणी होण्याआधी अकरा वर्षं एकमेकींवर रोज सकाळी संशय घेत होत्या. चिमणाबाई शिरोलीहून म्हशीचं दूध घेऊन लक्ष्मीपुरीत आमच्या घरी यायच्या. बा, म्हणजे माझी आई, दुधाचा एक थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायची, हात तिरका करायची आणि थेंब ओघळतो की थांबतो ते बघायची. तो थांबला तरी तिचं समाधान व्हायचं नाही. चिमणाबाईंचा संशय आमच्या मापावर होता. हे माप आतून ठोकून मोठं केलंय, असं त्यांचं ठाम मत होतं. उंबऱ्याबाहेर उकिडव्या बसून त्या दूध ओतायच्या आणि ओतताना मापाकडे असं बघायच्या की ते माप लाजेनं लहान व्हावं.

आम्ही गुजराती, पण कोल्हापुरात आमची तिसरी पिढी. बापूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गुळाचा व्यापार होता. घरात गुजराती बोलायचं आणि जिना उतरलं की मराठी, असं आमचं चालायचं. मी जागृती, घरातली थोरली. चिमणाबाईंचा मुलगा अमरसिंह शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर कामाला होता. आई आजारी असली की तो लुनावर किटली बांधून दूध घालायला यायचा आणि दार मी उघडायची. त्या वर्षी चिमणाबाईंना आजारपणं जरा जास्तच आली. ती त्यांची नव्हती, अमरसिंहानं त्यांच्या नावावर खपवलेली होती, हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

चिमणाबाई जन्मापासून संशयी नव्हत्या. माहेर नेसरीचं, घरात आठ माणसं आणि दाराला कधी कडी नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला. महिन्याभरात दीर कागद घेऊन आला आणि म्हणाला, वहिनी, रेशनकार्डाचं काम आहे, अंगठा द्या. यांनी दिला, आणि विहिरीकडचं रान दिराच्या नावावर गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी जोतिबाच्या यात्रेत कुणा अनोळखी बाईनं त्यांच्या थोरल्या मुलाच्या हातावर पेढा ठेवला. मुलगा चार वर्षांचा. संध्याकाळी ताप चढला आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. चिमणाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि पेढा धरून ठेवला. उरला एक अमरसिंह. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या घरचा चहासुद्धा घरच्या माणसानं पहिला घोट घेतल्याशिवाय त्या प्यायल्या नाहीत.

अशी बाई गुजरात्यांची मुलगी सून म्हणून सहज पत्करेल, हे शक्यच नव्हतं. बापूजींनी सहा महिने अबोला धरून शेवटी होकार दिला, तर त्या होकारानंच चिमणाबाई जास्त बिथरल्या.

"एवढी शिकलेली पोरगी भट्टीवाल्याला कशी काय देत्यात? कायतरी खोट हाय," त्या म्हणाल्या.

ती खोट शोधायला त्यांनी आमच्या बाळाबाईंना गाठलं. बाळाबाई आमच्याकडे अठरा वर्षं धुणीभांडी करत होत्या. माझ्या वेण्या त्यांनी घातल्या होत्या, माझ्या गोवरात रात्री त्या माझ्या उशाशी बसल्या होत्या. चिमणाबाईंनी त्यांना जिन्याखाली अडवून विचारलं, "खरं सांग. पोरीला फिट येती का? पायात कायतरी हाय का?"

बाळाबाई म्हणाल्या, "पोरीत कायबी खोट न्हाय. तुमच्या घरात ती टिकंल का, एवढंच मला भ्या वाटतंय."

चिमणाबाई आयुष्यात कुणाच्या बोलण्यावर भरवसा ठेवून पुढं गेल्या असतील, तर त्या एवढ्या एकदाच. म्हणजे माझं लग्न बाळाबाईंच्या शब्दावर ठरलं, हे इथंच सांगून ठेवते.

लग्न झालं चौऱ्याण्णव सालच्या वैशाखात, आमच्या रिवाजाप्रमाणे. नवरदेव मांडवाच्या दारात आला की आमच्यात मुलीची आई त्याला पोंखते. म्हणजे त्याचं औक्षण करते, पण नुसतं दिव्यानं नाही. ताटात वीतभर लांबीच्या लाकडी वस्तू असतात : बैलाच्या खांद्यावरचं जू, मुसळ, ताक घुसळायची रवी आणि सूत कातायची चाती. एकेक वस्तू ती जावयाच्या कपाळापुढे धरून ओवाळते. बाचे हे चार नग तिच्या आईनं सौराष्ट्रातून आणलेले होते. हळदकुंकवानं त्यांचं लाकूड काळं तुकतुकीत झालं होतं, आणि आईची म्हणून बाकडे तेवढीच एक चीज उरली होती. पोंखून झालं की जावयाच्या पायाशी मातीची दोन बोळकी तोंडाला तोंड लावून, लाल दोऱ्यानं बांधून ठेवतात. ती त्यानं पायानं फोडायची आणि आत यायचं.

आम्हाला यात काहीच नवल नव्हतं. आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही की हे सगळं वरपक्षाला आधी समजावून सांगावं.

चिमणाबाई मुलाच्या मागं उभ्या होत्या. ताटातल्या लाल फडक्यातून बानं जू काढलं आणि अमरसिंहाच्या डोक्याभोवती फिरवलं. मग मुसळ फिरवलं. चिमणाबाईंच्या गावाकडे माणसावरून अशा वस्तू उतरून टाकायच्या त्या एकाच कामासाठी, आणि ते काम चांगलं नव्हे. त्यांचा चेहरा उतरला.

"ह्ये काय चाललंय?" त्या मोठ्यांदा म्हणाल्या.

बा हसून विहिणीला म्हणाली, "वेवाण, आमच्यात असं करतात. जू म्हणजे संसार ओढायचा."

"माझ्या पोराला बैल करायला निघालाय व्हय?"

पाहुणे हसले. बालाही ती गंमतच वाटली, आणि तिनं रिवाजाप्रमाणे जावयाचं नाक चिमटीत धरायला हात पुढे केला. चिमणाबाईंनी तो हात फाटकन उडवला. तेवढ्यात भटजी म्हणाले, पाय ठेवा, आणि अमरसिंहानं बोळकी फोडली. मडकं फुटल्याचा तो आवाज. आपल्याकडे मडकं कधी फोडतात हे मी सांगायला नको. चिमणाबाईंनी नवऱ्यामागं ऐकला होता तो आवाज. मांडवात गलका एवढा होता की त्या खाली बसल्या हे फक्त बाळाबाईंनी बघितलं आणि पाणी आणून दिलं. ते पाणीही त्यांनी आधी बाळाबाईंना प्यायला लावलं.

पुढे फेरे झाले आणि कंसार आला, म्हणजे गव्हाचा तूपगुळातला गोड सांजा. तो नवरानवरी एकमेकांना भरवतात. मी घास उचलला तशी चिमणाबाई मधे घुसल्या, माझ्या हातातला घास त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला, गिळला आणि जरा वेळ थांबल्या. मांडवातल्या तीनशे माणसांसमोर सासूनं आपल्या जिवावर त्या गोडाची परीक्षा घेतली. मला तेव्हा संताप आला होता. पेढ्याची गोष्ट मला तोवर कुणी सांगितलेली नव्हती.

आणि जेवणाच्या गर्दीत त्यांनी ते ताटातलं जू उचललं, ओच्यात खोचलं आणि शिरोलीला नेलं. ज्या वस्तूनं करणी केली ती आपल्या ताब्यात असली की करणी चालत नाही, असा त्यांचा हिशेब. मला हे नऊ वर्षांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगते, कारण त्या नऊ वर्षांत काय झालं ते याच्याशिवाय समजायचं नाही.

लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा बा फडकं उलगडून बसली होती. नग तीनच. तिनं कपाटं उपसली, गाद्या झटकल्या. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि मी, शहाणी, म्हणाले, "मांडवाची मोडकी लाकडं बाळाबाईंनी चुलीला नेली ना? त्यातच गेलं असेल."

मी सहज म्हणाले. पण बाचा स्वभाव सांगितलाच आहे, ती नखावर दूध बघणारी. तिनं बाळाबाईंना बोलावलं आणि पिशवी उपडी करायला सांगितली. पिशवीतून दोन भाकरी आणि मिसरीची डबी पडली. बाळाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. त्या बघण्याची मला अजून लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

बानं त्यांना काढलं नाही, पण सगळ्या गल्लीला सांगितलं. महिन्याभरानं बाळाबाईच काम सोडून समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर लागल्या. तिथं पहिल्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. काम संपलं की दारात उभं राहून पदर झटकायचा, पिशवी उपडी करून दाखवायची आणि म्हणायचं, "बघा बाई. काय न्हेत न्हाय." कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या घरची बाई आधी नको नको म्हणायची. नंतर तिलाही सवय झाली आणि ती बघू लागली.

त्या घरी दूध चिमणाबाईंचंच होतं. वेळही बाळाबाई काम उरकून निघायच्या तीच.

इकडे शिरोलीत माझा संसार आत्तींच्या पहाऱ्यात चालला होता. सासूला मी आत्ती म्हणायची. मी केलेली भाजी त्या आधी चाखायच्या, मग मुलाला वाढू द्यायच्या. माझी पेटी त्यांनी किती वेळा उघडली याची मोजदाद नाही. मी बाशी फोनवर गुजरातीत बोलू लागले की त्या हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायच्या आणि फोन ठेवल्यावर विचारायच्या, "आमचं काय सांगितलंस?" मी एकदा चिडून म्हणाले, "तुम्हाला विष कसं घालायचं ते विचारत होते." त्या दोन दिवस आमच्या घरात जेवल्या नाहीत, शेजारी तानाबाईंकडे जेवल्या. तिथंही तानाबाईंनी पहिला घास खाल्ल्यावरच.

अमरसिंहाला भट्टीवर बारीक चटका बसला तरी त्या आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या. काय करतात कळायचं नाही. पूजा करत असतील असं मला वाटायचं. त्या स्वतःच्या पेटीच्या तळाचं काळं फडकं उलगडून जू जागेवर आहे ना, ते बघत असायच्या.

दोन हजार तीन साली माझ्या धाकट्या बहिणीचं, भूमिकाचं, लग्न ठरलं. बा म्हणाली, सुताराकडून नवं जू करून घेते, आणि म्हणता म्हणता रडायला लागली. मी घरी येऊन हे आत्तींसमोर बोलले. त्यांनी ऐकलं आणि म्हशीला पेंड घालायला उठून गेल्या.

त्यानंतर चारपाच दिवसांतली गोष्ट. आत्ती समोरच्या इमारतीत दूध घालून जिना उतरत होत्या. बाळाबाई पुढे उतरत होत्या. आता त्यांची साठी उलटलेली, गुडघे गेलेले. खाली रस्त्यावर पोचल्या आणि एकदम थांबल्या. त्या दिवशी पिशवी दाखवायची राहिली होती. आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की एक दिवस." बाळाबाई म्हणाल्या, "नगं बाई. आजच कायतरी सापडायचं न्हाय त्यांच्या घरात." आणि कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या तीन मजले परत चढून गेल्या. आत्ती खाली उभ्या राहून वरचा आवाज ऐकत होत्या. बघा बाई, काय न्हेत न्हाय.

संध्याकाळी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं, पेटी उघडली आणि काळं फडकं माझ्यासमोर ठेवलं. आत खिळा, सुकलेलं लिंबू आणि माझ्या आजीचं जू.

"ह्ये परत दिलं तर माझ्या पोराचं काय हुईल?" त्यांनी विचारलं.

मी ओरडले. आयुष्यात सासूवर इतकी कधी ओरडले नव्हते. "नऊ वर्षं? बाळाबाईंचं नाव घेतलं सगळ्यांनी! तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत हुतं की. रोज बघत हुते."

"आणि गप्प बसलात?"

"माझं एकच उरलंय," आत्ती म्हणाल्या. "दुसरं असतं तर दिलं असतं."

मी तरी कुठं बोलले होते? माझ्याकडे तर लपवायला जूसुद्धा नव्हतं. मी त्यांना परत सांगून बघितलं की ती करणी नव्हती, आमच्यात सगळ्या जावयांना असंच पोंखतात, बापूजींनाही पोंखलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुजं बापूजी दम्यानं बेजार हायत न्हवं?" मी हात टेकले.

लोकांना वाटतं की त्यांना शेवटी पटलं. त्यांना पटलं नव्हतं. हे जू हातचं गेलं की पोराला धोका आहे, ही त्यांची खात्री शेवटपर्यंत कायम होती. ती खात्री ठेवूनच त्यांनी ते द्यायचं ठरवलं. लग्नाच्या दिवशी त्यांनी अमरसिंहाला भट्टीवर जाऊ दिलं नाही, मोटरसायकलची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली आणि रिक्षात त्याला मधे बसवून आणलं. छत्तीस वर्षांचा बाप्या माणूस लहान पोरासारखा गप बसून आला.

वाटेत रिक्षा थांबवून त्या बाळाबाईंच्या खोलीवर गेल्या. बाळाबाई येईनात. "मला कोन बोलावलंय तितं?" त्या म्हणाल्या.

"मी बोलावतीया. माझं काम हाय. नेसून ये."

मांडवाच्या दारात नवा जावई उभा होता. बाच्या ताटात तीन जुने नग आणि सुतारानं केलेलं पिवळंधमक नवं जू. बानं हात उचलला तेवढ्यात आत्ती पुढे झाल्या. एका हातानं त्यांनी बाळाबाईंचं मनगट धरलं होतं. दुसरा हात ओच्यात घातला आणि जुनं जू काढलं.

बानं ते लगेच ओळखलं. तिचा हात पुढे आला, पण आत्तींनी दिलं नाही. आधी त्यांनी ते स्वतःच्या डोक्याभोवती फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. मग कपाळाला घट्ट टेकवलं आणि डोळे मिटले. पाहुण्यांना वाटलं नमस्कार केला. मला कळलं की त्या जुन्या लाकडात जे काही आहे असं त्यांना वाटत होतं, ते मुलावरून स्वतःवर ओढून घेत होत्या.

मग ते त्यांनी बाच्या ताटात ठेवलं आणि दूध घालताना हाक मारायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "ईनबाई, ह्ये मी चोरलं हुतं. चौऱ्याण्णव साली. हिनं न्हाय. सगळ्यांनी ऐका, हिनं न्हाय."

बा जूकडे बघत होती, मग बाळाबाईंकडे. मी बाळाबाईंच्या पाया पडले आणि म्हणाले, "पहिल्यांदा नाव मी घेतलं होतं." हे वाक्य मी नऊ वर्षं उशिरा बोलले. बाच्या तोंडून कसंबसं "बाळाबाई, माफ कर" एवढंच निघालं.

बाळाबाई म्हणाल्या, "मांडवात रडू नगा शेठाणीबाई. पावणं थांबल्यात." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बाजूला झाल्या.

भूमिकाचं लग्न छान झालं. बानं बाळाबाईंना आपल्या शेजारी जेवायला बसवलं, स्वतः वाढलं, निघताना लाडूंचा डबा आणि साडी दिली. बाळाबाई डबा पिशवीत घालून दाराशी गेल्या. तिथं थांबल्या, मागं वळल्या, पदर झटकला आणि पिशवी बासमोर उघडून धरली. लाडवाचा डबा, साडी, मिसरीची डबी.

"बघा बाई," त्या म्हणाल्या.

बानं तोंडावर पदर घेतला. बाळाबाईंना आपण काय केलं ते कळलंसुद्धा नसावं. आत्ती खांबाशी उभ्या होत्या, त्यांनी ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी माहेरीच होते. दूध घालायची वेळ झाली तशी मी खिडकीत आले. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं. बाळाबाई काम उरकून दारात आल्या आणि त्यांनी पदराला हात घातला. आत्तींनी तो हात धरला. मग दुधाची किटली खाली ठेवली, स्वतःचा पदर काढून झटकला, कमरेचा ओचा सोडला, आपली पिशवी उपडी केली आणि त्या घरच्या बाईला म्हणाल्या, "आदी माझं बघा. चोर मी हाय."

पुढं त्या दूध घालत होत्या तोवर, रोज.